पाळी आली नाही म्हणून गोळी देण्याआधी: गोनॅडोब्लास्टोमा ओळखायचा कसा

राधानगरी, भुदरगड, गगनबावड्याकडून कोल्हापूरला दवाखान्यात आलेली आई डॉक्टरांसमोर बसली तरी खरी गोष्ट लगेच सांगत नाही. पोरीच्या अंगात ताकद नाही, जेवण जात नाही, असं काहीबाही बोलून होतं. मग पोरीला बाहेर बाकावर पाठवून ती हळूच म्हणते, "सतरावं सरत आलं, हिला अजून न्हाण आलं नाही." शेजारणींनी विचारू नये म्हणून महिन्यातले चार दिवस लेकीला मुद्दाम देवघरापासून लांब बसवणाऱ्या आयाही असतात.

यातल्या बऱ्याच मुलींना मोठा आजार नसतो. घराण्यातच पाळी उशिरा येते, वजन भरलेलं नसतं, अंगात रक्त कमी असतं. थोड्या मुलींमध्ये मात्र कारण खोलवर असतं आणि त्यातल्याही मोजक्या मुलींच्या ओटीपोटात एक दुर्मिळ गाठ वाढत असते. तिचं नाव गोनॅडोब्लास्टोमा. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी कापायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासायच्या, हे माझं रोजचं काम. या गाठीविषयी आपल्या भाषेत, घरच्या माणसांना कळेल असं लिहावं हे कधीपासून मनात होतं. कारण ही गाठ ओळखण्यात गफलत झाली तर त्याची किंमत ती मुलगी जन्मभर मोजते. एखादीचं चांगलं अंडाशय विनाकारण जातं. दुसरीच्या पोटात जी ग्रंथी काढायलाच हवी होती ती तशीच राहते आणि तिथं कॅन्सर होतो.

गाठ येते कुठून

अंडाशय आणि वृषण या दोन्हींची सुरुवात एकाच ग्रंथीपासून होते. गर्भ सहा आठवड्यांचा होईस्तोवर ही ग्रंथी मुलगा असो की मुलगी, सारखीच दिसते. गर्भात वाय गुणसूत्र असेल तर त्यावरचा एसआरवाय नावाचा जनुक सातव्या आठवड्याच्या सुमारास कामाला लागतो आणि ग्रंथीचं वृषण व्हायला लागतं. लंडनमधल्या संशोधकांनी १९९० साली हा जनुक शोधून काढला. हाच जनुक बिघडलेला असला किंवा त्याच्या पुढच्या साखळीत कुठं खंड पडला, तर वृषण तयार होत नाही. अंडाशय नीट तयार व्हायला आणि टिकायला दोन एक्स गुणसूत्रं लागतात, तीही या गर्भात नसतात. मग ग्रंथी अर्धवटच राहते. दोन-तीन सेंटिमीटरची चिवट, पांढरट पट्टी एवढंच तिचं रूप. डॉक्टर तिला स्ट्रीक गोनॅड म्हणतात.

वृषण नाही म्हणून पुरुषी हार्मोन नाही, आणि म्हणून बाळ मुलीच्या अंगाने जन्माला येतं. गर्भाशय असतं, योनी असते. मुलगी झाली म्हणून घरी बर्फी वाटली जाते. ती वाढते, शाळेत जाते, अनेकदा वर्गातल्या मुलींपेक्षा उंच निघते आणि व्हॉलीबॉलच्या संघात जाते. तिची गुणसूत्रं मुलग्यांसारखी एक्सवाय आहेत हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. या स्थितीला स्वायर सिंड्रोम म्हणतात. गेराल्ड स्वायर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५५ साली तिचं वर्णन केलं. साधारण ८०,००० जन्मांमागे एक असं प्रमाण सांगितलं जातं. यातल्या शंभरातल्या दहा ते पंधरा मुलींमध्येच एसआरवायमध्ये बिघाड सापडतो, बाकीच्यांची कारणं वेगळी.

आता गाठीकडे येऊ. पुढे ज्यांच्यापासून स्त्रीबीज किंवा शुक्राणू व्हायचे त्या बीजपेशी या अर्धवट ग्रंथीत अडकून पडतात. त्यांना पिकायला जशी जागा लागते तशी इथं मिळत नाही. त्यातच वाय गुणसूत्रावर टीएसपीवाय नावाचा एक जनुक असतो. निरोगी वृषणात तो बीजपेशींच्या वाढीला हातभार लावतो. अर्धवट ग्रंथीत मात्र तोच या पेशींना विभाजनाकडे ढकलत राहतो, असं आज मानलं जातं. ग्रंथी अर्धवट असणं आणि पेशींत वाय गुणसूत्र किंवा त्याचा तुकडा असणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की या गाठीला जमीन मिळते. अगदी विरळ अपवाद सोडले तर त्यातली एकच गोष्ट पुरत नाही. ज्यांना ही गाठ होते त्यातले साधारण ८० टक्के जण दिसायला मुली असतात. उरलेले मुलगे असतात आणि त्यांची वृषणं बहुतेक वेळा खाली उतरलेली नसतात.

बोस्टनचे पॅथॉलॉजिस्ट रॉबर्ट स्कली यांनी १९५३ साली या गाठीला नाव दिलं. ही गाठ स्वतः हार्मोन तयार करू शकते, हे त्यांनी त्याच वेळी नोंदवून ठेवलं होतं. पुढे निदानात ही नोंद फार कामी येते.

गोनॅडोब्लास्टोमा जोवर नुसता गोनॅडोब्लास्टोमा आहे तोवर तो शरीरात पसरत नाही. भीती पुढची असते. जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये त्यातल्या बीजपेशी आपली हद्द ओलांडून डिसजर्मिनोमा नावाचा कॅन्सर तयार करतात. दहातल्या एखादीत त्याहून दांडगा, यॉक सॅक ट्यूमरसारखा कॅन्सर होतो. शिवाय शंभरातल्या चाळीसजणींत तरी गाठ दोन्ही बाजूंना असते. म्हणून एका बाजूची काढून दुसरी "बघू नंतर" म्हणून ठेवणं इथं चालत नाही.

गोळीने आलेली पाळी

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या टप्प्याची. पाळी आली नाही म्हटलं की पहिल्यांदा मिळते ती पाळी आणायची गोळी. पाच-दहा दिवसांची प्रोजेस्टेरॉनची गोळी घेऊनही काही होत नाही. कारण इस्ट्रोजेन हा अंडाशयातून येणारा हार्मोनच नसेल तर गर्भाशयाचं अस्तर वाढलेलंच नसतं, मग ते गळून पडणार कसं? मग २१ दिवसांची, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही असलेली गोळी सुरू होते. तिने रक्तस्राव होतो. घरात सुटकेचा श्वास टाकला जातो. अंबाबाईला, जोतिबाला बोललेला नवस फेडला जातो. दर महिन्याला गोळी आणि दर महिन्याला पाळी, असं सुरू राहतं. पुढे लग्न होतं, मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू होतात किंवा पोटात गोळा लागतो, तेव्हा कुठं गुणसूत्रांची आठवण होते. मधली सात-आठ वर्षं ती ग्रंथी आतच असते.

गोळीने आलेला रक्तस्राव एवढंच सांगतो की गर्भाशय आहे आणि रस्ता मोकळा आहे. अंडाशय आहे की नाही, याचं उत्तर त्यात नसतं. म्हणून तेराव्या वर्षापर्यंत छातीची वाढ सुरू झाली नसेल किंवा पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नसेल, तर गोळीच्या आधी रक्तातलं एफएसएच, म्हणजे अंडाशयाला कामाला लावणारा मेंदूकडचा हार्मोन, तपासावं, ओटीपोटाची सोनोग्राफी करावी आणि गरज दिसली तर कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी करावी. गोळी काही पळून जात नाही.

कॅरिओटाइपच्या रक्ताबाबत एक व्यवहाराची गोष्ट. या तपासणीला जिवंत पेशी लागतात. रक्त हिरव्या झाकणाच्या, हेपॅरिनच्या नळीत घ्यायचं, गोठवायचं नाही, आणि शक्यतो दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये पोचवायचं. आपल्याकडून ते बहुतेक वेळा पुण्या-मुंबईला जातं. शनिवारी दुपारी घेतलेली नळी कुरिअरच्या कचेरीत सोमवारपर्यंत पडून राहिली तर पेशी वाढत नाहीत आणि मुलीला पुन्हा सुई टोचावी लागते. सोमवार ते बुधवारमध्ये रक्त द्यावं. लॅबमध्ये पेशी साधारण तीन दिवस वाढवून मग गुणसूत्रं मोजतात, त्यामुळे रिपोर्टला वेळ लागणारच.

सारख्या दिसणाऱ्या मुली, वेगवेगळे आजार

मुलगी समोर असताना डॉक्टर आधी दोनच गोष्टी बघतात. छातीची वाढ झाली आहे का? आणि गर्भाशय आहे का? निम्मा गुंता एवढ्यानेच सुटतो.

छाती वाढलेली, गर्भाशय आहे, आणि दर महिन्याला पोट दुखतं पण रक्त दिसत नाही. अशा वेळी योनिमुखावरचा पडदा बंद असण्याची शक्यता मोठी. रक्त आत साठून पोटात गोळा लागतो, घरचे घाबरतात, पण छोट्या शस्त्रक्रियेने मुलगी बरी होते.

छाती वाढलेली, पण गर्भाशयच नाही, अशा मुलींचे दोन गट पडतात. एकीत गुणसूत्रं एक्सएक्स, अंडाशय ठणठणीत, फक्त गर्भाशय तयार झालेलं नसतं. याला एमआरकेएच म्हणतात आणि सुमारे ५,००० मुलींत एकीला ते असतं. दुसरीत गुणसूत्रं एक्सवाय असतात, पोटात किंवा जांघेत वृषणं असतात, ती पुरुषी हार्मोन तयारही करतात, पण शरीराला त्या हार्मोनची भाषाच कळत नाही. हे अँड्रोजेन इन्सेन्सिटिव्हिटी सिंड्रोम. काखेत आणि जांघेत केस फारच विरळ. लहानपणी दोन्ही बाजूंच्या हर्नियाचं ऑपरेशन झालेलं असेल तर ती खूण महत्त्वाची, आईला नक्की विचारावं.

इथं एक गैरसमज मोडायला हवा. एक्सवाय गुणसूत्रं असलेली मुलगी सापडली की दोन्ही ग्रंथी लगेच काढा, असं सरसकट नसतं. अँड्रोजेन इन्सेन्सिटिव्हिटी पूर्ण असेल तर ते वृषण चांगलं घडलेलं असतं आणि वयात येईपर्यंत त्यात कॅन्सर होण्याची शक्यता शंभरात दोन किंवा त्याहून कमी धरली जाते. उलट त्याच ग्रंथीतल्या हार्मोनपासून इस्ट्रोजेन तयार होऊन मुलीची छाती आपोआप वाढते. म्हणून बरेच तज्ज्ञ ती वाढ पुरी होईपर्यंत थांबतात. अर्धवट ग्रंथी आणि वाय गुणसूत्र अशी जोडी असेल तर मात्र हाच धोका १५ ते ३५ टक्क्यांवर जातो. हे आकडे शिकागोत भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीनंतर २००६ साली निघालेल्या एकमताच्या निवेदनातले आहेत. दोघींच्या रिपोर्टवर "४६, एक्सवाय" हीच अक्षरं असतात, सल्ला मात्र अगदी वेगळा.

आता छाती वाढलेली नाही, पण गर्भाशय आहे, अशी मुलगी. सोनोग्राफीत गर्भाशय लहान, एवढुसं दिसतं. घाईत बघणाऱ्याला ते दिसतही नाही आणि "गर्भाशय नाही" असा रिपोर्ट घरी जातो. काही महिने इस्ट्रोजेन दिल्यावर तेच गर्भाशय वाढून स्पष्ट दिसू लागतं. तेव्हा एका सोनोग्राफीवर मुलीला "तुला कधी मूल होणार नाही" असं सांगून टाकू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

या मुलीत एफएसएच वाट दाखवतं. ते कमी असेल तर अडचण मेंदूकडून येणाऱ्या आज्ञेत आहे. नुसता उशीर, कुपोषण, किंवा ज्यात वासही येत नाही तो कालमन सिंड्रोम, अशी कारणं शोधायची. एफएसएच खूप वाढलेलं असेल तर मेंदू आज्ञा देतो आहे पण ग्रंथीकडून उत्तर नाही. आणि इथं येऊन बाहेरून काहीच कळेनासं होतं. एक्सएक्स गुणसूत्रं असूनही अंडाशय अर्धवट राहिलेली मुलगी आणि स्वायर सिंड्रोमची मुलगी शेजारी शेजारी उभ्या केल्या तर मलाच काय, कुणालाही फरक सांगता येणार नाही. एफएसएच सारखं, सोनोग्राफी सारखी, पोटातली पांढरी पट्टीही सारखी. पहिलीला वाय गुणसूत्र नाही, म्हणून तिच्या ग्रंथी काढायची गरज नाही. दुसरीच्या काढल्याशिवाय गत्यंतर नाही. हा फरक सांगते ती फक्त हिरव्या झाकणाची नळी.

टर्नर सिंड्रोमची मुलगी बहुधा उंचीवरून लक्षात येते. ठेंगणी, कधी मानेवर जास्तीची कातडी, हृदयाच्या महाधमनीचा दोष. साधारण २,५०० मुलींत एक. यातल्या बहुतेकींना एकच एक्स गुणसूत्र असतं आणि त्यांना या गाठीची भीती नसते. पण शंभरातल्या पाचेक जणींच्या काही पेशींत वाय गुणसूत्र लपलेलं असतं. वीस पेशी मोजून ते सापडेलच असं नाही. संशय असेल तर जास्त पेशी मोजायला सांगावं, किंवा वाय शोधणारी फिश तपासणी करावी. आवाज घोगरा होणं, ओठावर लव येणं, शिश्निका मोठी होणं, यातलं काही दिसलं तर वायचा शोध घेतल्याशिवाय थांबूच नये. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीच्या जन्मजात आजारातही अशी लक्षणं येतात, त्यासाठी रक्तात १७-ओएचपी हा हार्मोन बघतात.

आपल्याकडे क्षयही विसरून चालत नाही. क्षयाने गर्भाशयाचं अस्तर जळून जातं आणि पाळी येतच नाही. अंडाशयाच्या जागी गोळा, पोटात पाणी, अंडाशयाच्या कॅन्सरच्या संशयात रक्तात बघतात ते सीए-१२५ वाढलेलं, असं हुबेहूब कॅन्सरसारखं चित्र उभं राहतं. फरक असा की या मुलीची छाती नीट वाढलेली असते आणि एफएसएच सहसा ठीक असतं.

ही गाठ आणखी दोन-तीन वेषांत येते. तिच्यात चुन्याचे कण साठतात. मुतखड्याच्या संशयाने काढलेल्या एक्स-रेत ओटीपोटात बारीक पांढरे ठिपके दिसतात आणि खडा समजून औषध सुरू होतं. डर्मॉइड गाठीतही असं पांढरं दिसतं, पण तिथं दात असतो, चरबी असते. पाळी न आलेल्या मुलीच्या ओटीपोटात दोन्ही बाजूंना चुन्याचे ठिपके दिसले तर खडा सोडून आधी गोनॅडोब्लास्टोमाचा विचार करावा.

दुसरा वेष जास्त फसवा. स्वायर सिंड्रोमच्या मुलीची छाती सतराव्या-अठराव्या वर्षी एकाएकी वाढू लागते. आईला वाटतं, उशिरा का होईना, सगळं मार्गी लागलं. पण अर्धवट ग्रंथी असं करू शकत नाही. तिच्यातल्या गाठीने हार्मोन तयार करायला सुरुवात केलेली असते. स्कलींनी १९५३ मध्येच नोंदवलं होतं ते हेच.

आणि तिसरा. डिसजर्मिनोमातल्या काही पेशी कधी कधी बीटा-एचसीजी तयार करतात, म्हणजे गरोदरपणातलाच हार्मोन. पोट वाढलेलं, पाळी नाही आणि तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा. लग्न न झालेल्या मुलीवर त्या दिवशी घरात काय प्रसंग ओढवत असेल याची कल्पना करा. जिला पाळी कधीच आली नाही तिची पट्टी पॉझिटिव्ह आली, तर तिला एक शब्द बोलण्याआधी सोनोग्राफी करा. गर्भाशय रिकामं आणि बाजूला गोळा असेल तर हा आजार आहे, आणि तो सांगायची जबाबदारी डॉक्टरांची आहे.

काचेवर काय दिसतं

माझ्याकडे येतात त्या फॉर्मॅलिनच्या दोन बरण्या. दोन असाव्यात, एकीवर उजवी आणि दुसरीवर डावी असं लिहिलेलं असावं. ग्रंथी एवढीशी, बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी. ती कापताना सुरीखाली करकर आवाज येतो. तो चुना असतो. चुना फार असेल तर तुकडा आधी आम्लात मऊ करून घ्यावा लागतो. अशा ग्रंथीतून एखादा तुकडा निवडून बाकी ठेवून द्यायची पद्धत इथं उपयोगाची नाही, पूर्ण ग्रंथी मेणाच्या ठोकळ्यांत बसवून बघायची. गाठ मिलिमीटरभराचीही असू शकते.

सूक्ष्मदर्शकाखाली गोनॅडोब्लास्टोमा डाळिंब फोडल्यासारखा दिसतो. धाग्याधाग्यांच्या पडद्यांनी वेगळे केलेले गोल कप्पे आणि कप्प्यांत दाटीने बसलेल्या पेशी. पेशी दोन जातींच्या. मोठ्या, फिकट, गोल केंद्रकाच्या बीजपेशी, आणि त्यांना वेढून बसलेल्या लहान, गडद आधारपेशी. मधे मधे गुलाबी गोळे, आणि त्याच गोळ्यांवर चुन्याचे थर. दोन्ही जातींच्या पेशी एकाच कप्प्यात सापडल्या पाहिजेत. निदान याच्यावर उभं असतं.

आता यासारखं काय दिसतं? अगदी जवळचं साम्य असलेली एक गाठ आहे, तिला एससीटीएटी म्हणतात. तिच्यातही गोल कप्पे, गुलाबी गोळे, चुना. पण बीजपेशी नाहीत. ओठांवर काळे ठिपके आणि आतड्यात पॉलिप असणाऱ्या प्यूट्झ-येगर्स सिंड्रोमच्या मुलींत ती सापडते. तिथं ती बारीक, दोन्ही बाजूंना आणि निरुपद्रवी असते. दोन्ही गाठींना वेगळं ठेवायला शिकवलं तेही स्कलींनीच, १९७० साली. तेव्हा अशी काच दिसली की मुलीचे ओठ बघायला सांगावेत.

वाय गुणसूत्र नसलेल्या, नीट वाढणाऱ्या लहान मुलींतही बीजपेशी आणि आधारपेशी दोन्ही असलेली एक मिश्र गाठ होते. ती मोठी असते, बहुतेक वेळा एकाच बाजूला, कप्प्यांची शिस्त नाही, आणि उरलेलं अंडाशय चांगलं असतं. तिच्यासाठी दुसरं अंडाशय काढायचं नसतं. नवजात मुलीच्या निरोगी अंडाशयातही असे चिमुकले कप्पे कधी दिसतात, त्याला गाठ म्हणू नये.

सगळ्यात जास्त जबाबदारीची वेळ येते ती डिसजर्मिनोमात. मोठ्या फिकट पेशींची पसरलेली चादर, मधे लिम्फोसाइट पेशींच्या रांगा. तो ओळखणं अवघड नाही. पण बहुसंख्य डिसजर्मिनोमा एक्सएक्स गुणसूत्रांच्या, नियमित पाळी येणाऱ्या मुलींत होतात. तिथं आजार एकाच बाजूला असेल तर तेवढंच अंडाशय काढून दुसरं राखतात आणि ती पुढे आई होऊ शकते. तोच डिसजर्मिनोमा स्वायर सिंड्रोमच्या मुलीत गोनॅडोब्लास्टोमाला गिळून वाढलेला असू शकतो, आणि तिथं दुसरी बाजू ठेवणं धोक्याचं. गिळलेल्या गाठीची खूण म्हणून कधी कधी फक्त चुन्याचे चार कण उरतात. ते दिसले की मी आणखी तुकडे घेते आणि सर्जनला फोन करून विचारते, मुलीला पाळी कधी आली होती का? तपासणीच्या फॉर्मवर पुष्कळदा "अंडाशयातील गाठ, वय १७" एवढंच लिहिलेलं असतं. पाळी कधीच आली नाही, ही एक ओळ तिथं असेल तर निदान एक पाऊल जवळ येतं.

रंगांच्या खास तपासण्यांची मदत होते. ओसीटी-४ हा रंग न पिकलेल्या बीजपेशींच्या केंद्रकात उमटतो, इनहिबिन आधारपेशींत. दोन्ही एकाच कप्प्यात उमटले की गोनॅडोब्लास्टोमाच्या बाजूने पुरावा पक्का होतो. एससीटीएटीत ओसीटी-४ उमटत नाही. पण कुठलाही रंग मुलीची गुणसूत्रं सांगत नाही.

निदान झाल्यावर

स्वायर सिंड्रोम पक्का झाला की दोन्ही ग्रंथी दुर्बिणीतून काढतात. त्याआधी एएफपी, बीटा-एचसीजी, एलडीएच या रक्ततपासण्या करून कॅन्सर सुरू झाला आहे का याचा अंदाज घेतात. ग्रंथी पोटात न फोडता पिशवीत घालून बाहेर काढायची असते. गर्भाशय राखायचं. हे शस्त्रक्रियेच्या आधी स्पष्ट बोलून घ्या. डिसजर्मिनोमा निघाला तरी हातपाय गाळू नका, या कॅन्सरवर केमोथेरपी फार चांगली चालते आणि सुरुवातीच्या टप्प्यात सापडलेल्या बहुतेक मुली पूर्ण बऱ्या होतात. खर्चाची काळजी असेल तर सीपीआरमध्ये, आपल्या थोरल्या दवाखान्यात, आरोग्यमित्राकडे महात्मा फुले योजनेची चौकशी आधीच करून ठेवावी.

नंतर इस्ट्रोजेन सुरू होतं, अगदी कमी मात्रेपासून, दोन-तीन वर्षांत हळूहळू वाढवत, आणि मग प्रोजेस्टेरॉनची जोड. छाती वाढते, गर्भाशय वाढतं, पाळी येते. या वेळची गोळी योग्य जागी असते. ती पन्नाशीच्या आसपासपर्यंत चालू ठेवायची, कारण ती सोडली तर हाडं ठिसूळ होतात. लग्न झालं की गोळी बंद करणाऱ्या मुली पुष्कळ, त्यांना हे समजावून सांगणारं कोणीतरी हवं. गर्भाशय असल्याने दात्या स्त्रीच्या बीजाने गर्भ राहू शकतो आणि स्वायर सिंड्रोमच्या स्त्रियांनी बाळांना जन्म दिलेला आहे.

"एक्सवाय" हे दोन अक्षरी निदान मुलीला कसं सांगायचं हा प्रश्न माझ्या सूक्ष्मदर्शकाबाहेरचा आहे, तरी मत सांगते. ते लपवू नये. तिला तिच्या वयाला झेपेल अशा भाषेत, शक्यतो आईच्या सोबतीने आणि समुपदेशकाच्या मदतीने सांगावं. ती मुलगी म्हणून वाढली आहे आणि स्वतःला मुलगी मानते, तर गुणसूत्रांच्या रिपोर्टने त्यात काही बदलत नाही. फाइल मात्र मामा, काका, होणाऱ्या सासरचे अशा कुणाच्याही हातात जाऊ देऊ नये. तो तिचा कागद आहे.

मेणाचे ठोकळे आणि काचा लॅबमधून मागून घेता येतात. दुसरं मत घ्यायला पुण्या-मुंबईला जाताना नुसता छापील रिपोर्ट नेऊन भागत नाही, ठोकळे सोबत न्यावे लागतात. ते उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं.

घरात पाठची बहीण असेल तर तिच्याकडेही बघा. स्वायर सिंड्रोम काही घराण्यांत एकीपेक्षा जास्त मुलींना असतो. बहीण तेरा वर्षांची झाली आणि छातीची वाढ दिसत नसेल, तर तिच्या पाळीची वाट बघत दोन वर्षं घालवू नका. तिचं रक्त गुणसूत्रांसाठी आत्ताच पाठवा.